थंडीच्या दिवसांतील कुलपांचा बंदोबस्त

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील चाकूर गावात पाण्याचा बर्फ व्हावा इतकी थंडी पडत नाही, आणि म्हणून दाराचे कुलूप गोठल्याची तक्रार येथे कोणी केली तर ऐकणाऱ्यास ती प्रथमदर्शनी अतिशयोक्तीची वाटेल. तथापि मार्गशीर्ष-पौषाच्या पहाटे दुकानाच्या शटरपाशी, शेतातील मोटारीच्या पेटीपाशी किंवा जुन्या वाड्याच्या दिंडीपाशी उभा राहून, काल संध्याकाळपर्यंत सुरळीत चालणाऱ्या कुलपात किल्ली घालून ती फिरविण्याची खटपट करणारा मनुष्य या तालुक्यात विरळा नाही. आणि चार घटकांनी ऊन चढले की तेच कुलूप मुकाट्याने उघडते, हा अनुभवही पुष्कळांच्या गाठी आहे. लोखंड आणि पितळ यांना आपल्याकडील थंडीने काहीही होत नाही. कुलूप अडते ते त्याच्या पोटात आपण घातलेल्या किंवा साठू दिलेल्या पदार्थांमुळे, आणि हे पदार्थ कोणते हे एकदा ओळखले म्हणजे इलाज सापडण्यास वेळ लागत नाही. जी गोष्ट चाकूरच्या शटरला लागू, तीच लेहच्या छावणीतील किंवा टोरांटोच्या घरातील दारालाही लागू आहे. फरक एवढाच की तेथे गोठणारा पदार्थ पाणी असतो आणि येथे तो बहुधा तेल असतो.

स्वयंपाकघरातील तेल कुलपात नको

कुलूप जरा जड चालू लागले की घरातील हाताला लागेल त्या तेलाचे चार थेंब किल्लीच्या भोकात सोडावयाचे, असा आपल्याकडील सार्वत्रिक शिरस्ता आहे, आणि हे तेल बहुतेक वेळा खोबरेल असते, कारण ते फणीपाशी आयते ठेवलेले असते. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागते, हे बाटली उन्हात ठेवून ते पातळ करणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. मात्र तेच तेल उघड्यावरील लोखंडी कुलपात असते तेव्हा त्याचीही तीच अवस्था होणार, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्या भागात हिवाळ्यातील पहाटेचा पारा बारा-चौदा अंशांच्या आसपास असतो, थंडीची लाट आली की दहाच्याही खाली उतरतो, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात तर काही वर्षी तो पाच अंशांखाली गेलेला आहे. अशा पहाटे खोबरेल घातलेले कुलूप हे मेण ओतून बुजविलेल्या कुलपाहून फारसे निराळे राहत नाही.

दुसरा तितकाच घातक जिन्नस म्हणजे करडईचे तेल. सोयाबीनने शिवार व्यापण्यापूर्वी करडई हे आपल्या रब्बीचे मानाचे पीक होते, आणि तिच्या तेलाचा एक गुण असा की पातळ थराने पसरून हवेत राहिले म्हणजे ते वाळून चिवट होते. याच गुणामुळे ते रंग आणि रोगण तयार करण्यास उपयोगी पडते, आणि कढविलेले करडईचे तेल पूर्वी विहिरीचे दोर व चामडे पाण्याने कुजू नये म्हणून त्यांवर चोळीत असत. दोराचे रक्षण करणारा हा गुण कुलपाच्या मुळावर येतो. जवसाचे तेल याच जातीचे, आणि सोयाबीनचे तेलही काही अंशी तसेच. खोबरेल थिजते ते उन्हाने पुन्हा पातळ तरी होते. करडईचे तेल एकदा वाळले की त्याची जी राळेसारखी पुटे आतील भागांवर चढतात ती उन्हाने वितळत नाहीत, आणि काळ्या जमिनीची बारीक धूळ त्यांत रुतून बसते.

एवढ्याशा चिकटपणाने कुलूप का अडावे, हे त्याची अंतर्गत रचना समजल्यावाचून उमगणार नाही. इंग्लंडातील रॉबर्ट बॅरन याने १७७८ साली सिद्ध केलेल्या लिव्हरच्या कुलपात पातळ पट्ट्या असतात, आणि अमेरिकेतील लायनस येल याने १८६० नंतरच्या दशकात पूर्णत्वास नेलेल्या कुलपात स्प्रिंगांवर बसविलेल्या पितळी खिळ्या असतात. अर्देशर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला तेव्हापासून आणि अलीगढच्या कारागिरांनी देशभर कुलपे पुरविली तेव्हापासून हे दोन्ही प्रकार आपल्या दारांवर आले. या दोहोंचे मर्म एकच: किल्लीच्या दात्यांनी प्रत्येक पट्टी किंवा खिळी नेमक्या उंचीवर उचलली गेली पाहिजे, केसभर वर नाही आणि केसभर खालीही नाही. ज्या स्प्रिंगा त्यांना जागेवर परत ढकलतात त्या अत्यंत नाजूक असतात. भोवतीचे तेल थिजले की त्यांची शक्ती अपुरी पडते, एखादी खिळी अर्ध्यावरच लटकते, आणि मग किल्ली अस्सल असूनही कुलूप तिला परक्या किल्लीप्रमाणे वागविते.

दोष कुलपाचा की चौकटीचा?

इलाज करण्यापूर्वी निदान करावे, हा वैद्यकाचा नियम येथेही पाळावा. दारात बसविलेले कुलूप अडत असेल तर प्रथम दार उघडे ठेवून किल्ली फिरवून पाहावी. उघड्या दारात कुलूप विनासायास चालते आणि दार लावले की अडते, असे आढळल्यास कुलूप निर्दोष असून दोष चौकटीत आहे, असे निश्चित समजावे. आपल्या काळ्या जमिनीची प्रकृतीच अशी की पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि पुढे कोरडी पडली की आक्रसते व भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घालून बांधलेले घर या उलाढालीबरोबर थोडेथोडे हलते आणि चौकट काटकोनातून सुटते. लाकडी फळ्याही पावसाळ्यात फुगतात आणि कोरड्या हिवाळ्यात आटतात. परिणामी कुलपाचा खटका ज्या खाचेत शिरावयाचा ती खाच दोन दोरे वर किंवा खाली राहते. अशा वेळी कुलपात तेल ओतणे व्यर्थ आहे. सुताराकडून खाचेची पत्री सरकवून घ्यावी किंवा कानशीने ती किंचित मोठी करून घ्यावी, आणि तोपर्यंत दार खांद्याने जरा दाबून अथवा मुठीने वर उचलून किल्ली फिरवावी.

लोंबते कुलूप असेल तर ते कोयंड्यातून काढून हातात घेऊन चालवून पाहावे. हातात चालते आणि कोयंड्यात चालत नाही, तर कडी-कोयंड्याचा ताण कुलपाच्या दांडीवर येत आहे, हे उघड आहे. तिसरी परीक्षा किल्लीची. रोजच्या वापरातील किल्लीचे दाते झिजतात. म्हणून कपाटात जपून ठेवलेली मूळ किल्ली लावून पाहावी, आणि नवी किल्ली करून घ्यावयाची तर ती नेहमी या मूळ किल्लीवरून करून घ्यावी, नकलेवरून नव्हे, कारण नकलेची नकल करताना प्रत्येक खेपेस चूक वाढत जाते.

पहाटे कुलूप अडले तर

कुलूप अडल्यावर मनुष्याचा पहिला आवेग जोर लावण्याचा असतो, आणि नेमका तोच आवरला पाहिजे. किल्ली ही पितळेची किंवा नरम पोलादाची पातळ पट्टी आहे. ती पिरगळून आत तुटली म्हणजे पाच मिनिटांच्या कामाचे पाच तासांचे काम होते. दगडाने कुलूप ठोकण्यानेही खिळ्या सुटण्याऐवजी दांडी वाकण्याचाच संभव अधिक. किल्ली आत घालून हलक्या हाताने डावी-उजवीकडे डोलवावी, पुरती बाहेर काढून पुसावी व पुन्हा घालावी. असे सात-आठ वेळा केल्याने अर्ध्यावर लटकलेल्या खिळ्या पुष्कळदा जागेवर येतात.

तेवढ्याने भागले नाही आणि कुलपात खोबरेल असल्याचा संशय असला, तर ऊब हाच उपाय आहे. किल्लीचे टोक दिव्याच्या किंवा चुलीच्या धगीवर क्षणभर धरावे. किल्ली मात्र पकडीने किंवा फडक्याने धरावी, आणि हाताला सोसेल यापेक्षा फार अधिक ती तापू देऊ नये. तापलेली किल्ली भोकात घालून मिनिटभर तशीच राहू द्यावी, मग फिरवावी. लोंबते लहान कुलूप असेल तर तळहातात घट्ट धरून ठेवण्यानेही काम होते, कारण शरीराची ऊब खोबरेल विरघळण्यापुरती पुरेशी असते. कुलपात आधी रॉकेल, स्पिरिट किंवा फवाऱ्याचे तेल सोडले असेल तर मात्र तापलेली किल्ली, काडी वा कोणतीही ज्योत त्याच्याजवळ नेऊ नये. हा नियम कोणत्याही घाईत मोडू नये.

शेतकरी वाचकांसाठी एक स्वतंत्र इशारा येथे देणे अगत्याचे आहे. शेतीपंपास वीज पाळीपाळीने आणि पुष्कळदा रात्रीची मिळते, त्यामुळे हरभऱ्यास किंवा ज्वारीस पाणी देण्यासाठी ऐन थंडीत मध्यरात्री स्टार्टरच्या पेटीचे कुलूप उघडावे लागते. ते दवाने भिजलेले, गंजलेले आणि अडलेले असते. तेलाचा फवारा तेथेच मारल्यास तो पेटीच्या फटीतून आतील विजेच्या भागांवर जाऊ शकतो, आणि ओल्या हाताने लोखंडी पेटीशी झटापट करणे तर जिवावरचे आहे. यास्तव ते कुलूप दिवसा काढून घरी न्यावे, साफ करून आणावे, आणि त्याच्यावर जुन्या ट्यूबच्या रबराची एक झडप अशी बांधावी की दव व पाऊस भोकावर पडणार नाही. रात्री पेटीस हात लावण्यापूर्वी हात कोरडे करावेत आणि पायांत कोरडी पादत्राणे असावीत.

किल्ली दुर्दैवाने आत तुटलीच, तर तिच्यामागून दुसरी किल्ली खुपसू नये. तुकडा त्याने आणखी खोल जातो. तुकड्याचे टोक बाहेर दिसत असेल तर अणकुचीदार चिमट्याने सरळ रेषेत ओढावे. तुटलेल्या टोकास झटपट चिकटणारा डिंक लावून तुकडा ओढण्याची युक्ती काही लोक सांगतात. तो डिंक भोकात उतरला म्हणजे कुलूप कायमचे निकामी होते, म्हणून तिच्या वाटेस जाऊ नये. चिमट्याने साधले नाही तर चावीवाल्यास बोलवावे, आणि त्याने घर तुमचेच असल्याची खात्री विचारली तर रागावू नये. अशी विचारपूस करणारा कारागीरच विश्वासास पात्र असतो.

साफसफाई आणि वंगण

दिवस उजाडल्यावर मूळ दुखण्याकडे वळावे. लोंबते कुलूप रॉकेलच्या वाटीत रात्रभर बुडवून ठेवावे; थिजलेले खोबरेल, धूळ आणि वाळलेल्या तेलाची पुष्कळशी पुटे रॉकेलात सैल होतात. रेशनवरील रॉकेल आता दुर्मीळ झाले आहे. ते न मिळाल्यास हार्डवेअरच्या दुकानात गंज सोडविणाऱ्या तेलाचा जो फवारा मिळतो तो चालेल. सकाळी किल्ली पुनःपुन्हा घालावी-काढावी आणि प्रत्येक वेळी फडक्याने पुसावी. फडक्यावर काळी राड येण्याचे थांबेपर्यंत हे करीत राहावे. मग भोक खाली करून कुलूप निथळू द्यावे आणि दुपारच्या उन्हात पुरते वाळू द्यावे. हे सर्व चुलीपासून, गॅसपासून आणि देवघरातील निरांजनापासून दूर, उघड्यावर करावे, आणि रॉकेलची वाटी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. बॅटरीवर चालणारी नवी कुलपे अर्थातच बुडवू नयेत.

वाळलेल्या कुलपास वंगण द्यावयाचे ते शिलाई यंत्राचे तेल. ते खनिज तेल असून आपल्याकडील थंडीत थिजत नाही आणि वाळून चिवटही होत नाही. किल्लीच्या भोकात दोन थेंब आणि दांडी जेथे आत शिरते त्या दोन्ही छिद्रांत एकेक थेंब पुरे. अधिक घालण्याने केवळ धूळ अधिक धरली जाते. दारात बसविलेल्या, खिळ्यांच्या कुलपास तेलापेक्षा ग्रॅफाइटची पूड बरी, कारण ती कोरडी असल्याने धूळ ओढीत नाही. पूड न मिळाल्यास चित्रकलेची मऊ, ६बी क्रमांकाची पेन्सिल किल्लीच्या दोन्ही अंगांवर व दात्यांवर काळीभोर घासावी आणि किल्ली आठ-दहा वेळा आत-बाहेर करावी. एकाच कुलपात तेल आणि ग्रॅफाइट मात्र एकत्र आणू नये. त्यांची खळ बनून सारे श्रम वाया जातात. १९५३ साली अमेरिकेत निघालेला आणि आता आपल्याही बाजारपेठांत मिळणारा डब्ल्यूडी-४० नावाचा फवारा हा मुळात ओल हटविण्यासाठी योजलेला आहे. धुण्यास व गंज सोडविण्यास तो उत्तम, परंतु त्याच्यावर वर्षभराच्या वंगणाचा भरवसा ठेवू नये.

व्यापारी वर्गास आणखी एक विनंती. दुकान उघडताना उंबऱ्यावर पाणी शिंपडण्याची आणि कुलपास हळदकुंकू वाहण्याची चाल सुंदर आहे, ती मोडण्याचे कारण नाही; परंतु हळदकुंकवाचे बोट कुलपाच्या अंगावर लागावे, भोकावर नव्हे, आणि पाणी शिंपडण्याच्या आधी कुलूप काढून आत ठेवावे. शटरची कुलपे जमिनीलगत असल्याने रस्त्याची धूळ, पाणी आणि पूड या तिन्ही गोष्टी त्यांच्यातच जमा होतात, आणि म्हणून बाजारात सर्वांत आधी अडतात ती हीच कुलपे.

बर्फाच्या मुलखात

सीमा सुरक्षा दलाचे एक प्रशिक्षण केंद्र चाकूरनजीकच आहे. तेथे तयार झालेला जवान काश्मीरच्या सीमेवर जाऊ शकतो, आणि आपल्या तालुक्यातील मुलेमुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी कॅनडा-अमेरिकेत स्थायिक होत आहेत. त्यांच्या दारात कुलूप खरोखरच गोठते. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठून पांढरे होते, तेवढीच या प्रकाराची वानगी महाराष्ट्रात पाहावयास मिळते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. म्हणून कुलपात शिरलेला एक थेंबही खिळ्यांना पाचरीप्रमाणे आवळून टाकतो. हा थेंब केवळ पावसाचाच असतो असे नाही. घरातील उबदार व दमट हवा थंडगार धातूस लागली की तेथेच तिचे पाणी होते.

अशा ठिकाणी कढत पाणी ओतण्याचा मोह टाळावा; बर्फ क्षणभर वितळतो, पण ओतलेले पाणी आत झिरपून थोड्याच वेळात दुप्पट घट्ट गोठते. भोकात तोंडाने फुंकर मारणेही चुकीचे, कारण श्वासाबरोबर ओल आत जाते, आणि ओठ गोठलेल्या धातूस चिकटण्याचे भय निराळेच. किल्ली तापवून घालणे हा उपाय तेथेही चालतो. त्याहून सोयीचा म्हणजे अल्कोहोल: औषधाच्या दुकानातील आयसोप्रोपिल अल्कोहोल उणे ८९ अंशांपर्यंत गोठत नाही आणि बर्फाला विरघळवते, म्हणून कुलपांचे बर्फ काढण्यासाठी विकले जाणारे फवारे बहुधा त्याचेच असतात. हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर किल्लीस चोपडून आत घातले तरी वेळ निभते. फवाऱ्याची कुपी खिशात किंवा झोळीत ठेवावी. बंद घराच्या किंवा मोटारीच्या आत ठेवलेली कुपी ऐन गरजेच्या वेळी कुलपाच्या पलीकडेच राहते. कुलूप सुटले तरी दार उघडत नसेल, तर कडेच्या रबरी पट्टीवर बर्फ जमला आहे असे समजावे. दार ओढण्याऐवजी आधी अंगाने चोहीकडून दाबावे. दाबाने बर्फ तडकतो, ओढण्याने पट्टी फाटते. कुलूप सुटल्यावर ते कोरडे करून त्यात ग्रॅफाइट घालावे, नाही तर दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो.

आतून लावलेल्या दाराविषयी

बाहेरून कुलूप अडले तर मनुष्य फार तर ओट्यावर कुडकुडत बसतो. आतून अडले तर गोष्ट गंभीर होते. थंडीच्या व चोरीच्या भीतीने अनेक घरांत रात्री जाळीच्या दारास आतून कुलूप घालून किल्ली उशीखाली किंवा कपाटात ठेवण्याची सवय आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप ज्या जिल्ह्याने सोसला, त्या जिल्ह्यातील माणसाला रात्री घराबाहेर निघण्यास किती थोडा अवधी मिळू शकतो, हे समजावून सांगण्याची गरज नाही. यास्तव रात्री आतून शक्यतो कडी, अडसर किंवा मुठीने फिरणारा खटका वापरावा, ज्यास किल्ली लागत नाही. कुलूपच घालावयाचे असेल तर त्याची किल्ली दाराजवळच, बाहेरून हात पोहोचणार नाही परंतु घरातील प्रत्येकास अंधारात चाचपून सापडेल अशा खिळ्यास टांगावी, आणि वृद्धांनी व मोठ्या मुलांनी ते कुलूप स्वतःच्या हाताने उघडून पाहिलेले असावे. जे कुलूप थंडीत एकदा जरी अडले, त्यास आतील दारावरून ताबडतोब काढावे.

या सर्व कामांस वर्षातील एक दिवस नेमून टाकणे सोयीचे, आणि तो दिवस आपल्या परंपरेने आधीच नेमलेला आहे. खंडेनवमीस आपण शस्त्रे, अवजारे, यंत्रे आणि वाहने पुसून त्यांची पूजा करतो; पावसाळा सरलेला असतो, थंडीस अद्याप अवकाश असतो, आणि घरात तेल-फडके आयतेच काढलेले असते. त्या ओळीत घरातील, दुकानातील व शेतातील सर्व कुलपे मांडावीत: जी तेलकट आहेत ती धुवावीत, जी झिजली आहेत ती बदलावीत, प्रत्येकाची मूळ किल्ली नावाची चिठ्ठी बांधून एका डब्यात ठेवावी आणि घराची एक जादा किल्ली भरवशाच्या शेजाऱ्याकडे द्यावी. उतारवयातील आई-वडील एकटे राहत असतील तर हे काम मुलांनी दसऱ्यास घरी आल्यावर स्वतः करावे, आणि परत जाण्यापूर्वी त्यांच्याच हातून प्रत्येक कुलूप एकदा उघडून घ्यावे. कारण जवान हातास हलके वाटणारे कुलूप म्हातारपणी, आणि त्यातही पौषाच्या पहाटे बोटे आखडलेली असताना, तितके हलके राहत नाही.